फिकट पिवळ्या अकरा गल्ल्या

९ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद शेवटी देईन. आधी हे पत्र फाडू नकोस. फाडायचंच असेल तर वाचून फाड.

तीन वर्षं आणि दोन महिने झाले. माझा फोन तू उचलत नाहीस. गावभराच्या कवळ्या करतोस, परक्यांच्या तोंडात दात बसवतोस, आणि सख्ख्या बहिणीशी बोलायचं म्हटलं की तुझ्या तोंडाला कुलूप. म्हणून पत्र लिहितेय. टपालवाल्याला आपलं भांडण माहीत नाही, तो दारात टाकून जाईलच.

माझं बरं चाललंय. नगररचना खात्यात अजून त्याच खिडकीजवळच्या टेबलावर बसते. ज्या नकाशांत कुठे किती मजले चढवायचे हे रंगांनी ठरतं, ते पूर्वी मी हाताने रंगवायचे, हे तुला ठाऊक आहे. आता सगळं कॉम्प्युटरवर गेलंय आणि मला जुने कागद सांभाळायला ठेवलंय. मेअखेर कार्यालय नव्या इमारतीत हलणार. त्याआधी चौसष्ट मोठे नकाशे एकेक उलगडायचे, नियमांशी ताडून बघायचे आणि गुंडाळून ठेवायचे. माझ्यासारखी चिकट बाई दुसरी कोण मिळणार त्यांना?

आपली गल्ली आहे तशी आहे. समोरचे मास्तर, तुला गणितात दोनदा नापास करणारे, रोज सकाळी झाडांना पाणी घालतात आणि अनोळखी माणूस दिसला की त्याला पत्ता सांगतात, त्याने विचारला नसला तरी. कालव्यापलीकडचं हॉस्पिटल आणखी एक इमारत वाढवतंय. शेजारी काचेची तीन ऑफिसं उभी राहिली. सकाळी पुलावर पाय ठेवायला जागा नसते. सगळे कामाला इथे येतात आणि संध्याकाळी कुठेतरी लांब झोपायला जातात. कोपऱ्यावरच्या दोन खोल्यांचं भाडं ऐकून मी त्या घरमालकाला विचारलं, एवढ्या पैशांत तुम्ही स्वयंपाकपण करून देता का? तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. न बोलणाऱ्यांची माझ्याकडे आता यादी होईल.

तुझ्या नर्सबाईंना त्या हॉस्पिटलात बाळांच्या वॉर्डात कायमची नोकरी मिळतेय, हे मला मुळीच माहीत नाही. अर्ध्या तासात पोचता येईल असं घर असेल तरच ती मिळणार आणि एकतीस मेच्या आत पत्ता कळवायचा आहे, हेही मला कुणी सांगितलेलं नाही. उगाच बायकोवर डोळे वटारू नकोस. ड्यूटी संपली की बस येईपर्यंत ती माझ्याकडे चहाला येते, एवढंच. पावणेतीन तास जायला आणि पावणेतीन तास यायला. परवा कप हातात धरूनच तिचा डोळा लागला. मी कप अलगद काढून घेतला आणि बसची वेळ झाल्यावर उठवलं.

तुझीच,
ताई


२३ मार्च

धाकट्या,

पहिलं पत्र तू फाडलं नाहीस. नर्सबाई म्हणाल्या, डब्याखाली ठेवलंय. मला एवढं पुष्कळ आहे.

आज काही विशेष नाही. जुन्या गोष्टी आठवतात एवढंच. आमच्या खात्यात पूर्वी रंगाची बाटली तीन महिन्यांना एक मिळायची. दुसरी हवी तर तीन सह्या. पहिली सही करणारा साहेब कायम दौऱ्यावर, दुसऱ्याची सही पहिल्याशिवाय नाही, आणि तिसरा म्हणायचा, मागच्या वेळचीच अजून संपली कशी? तेव्हा आम्ही मुली बाटली पुरवून वापरायचो. संसारात आमटी वाढवतात, तसंच. पाहुणा आला की एक भांडं पाणी.

आपलं भांडण मी परवा पहिल्यापासून आठवून पाहिलं. तू म्हणालास, ताई, घर बैठं आहे, वर दोन मजले चढवू. मधला मला, वरचा भाड्याने, खालचा तुझा. मी म्हणाले, नकाशात आपली गल्ली फिकट पिवळी आहे. गडद पिवळी असेल तिथे तीन मजली घर होतं. फिकट पिवळं म्हणजे बैठं घर, डोक्यावर काही नाही. तू म्हणालास, नकाशा काय देवाने काढलाय? मी म्हणाले, नाही, मी काढलाय. त्यावर तू बॅग भरायला घेतलीस. आणि 'गल्ली आहे तशीच राहू द्या' या मास्तरांच्या अर्जावर माझी सही दिसली, तेव्हा बॅगेची चेन लावलीस.

आपल्या गल्लीचा, सत्तावीस नंबरचा नकाशा मी सध्या घरी आणलाय. हे नियमात बसत नाही. का आणला ते विचारू नकोस. तू विचारणार नाहीसच म्हणा.

ताई


२९ मार्च

धाकट्या,

सहा दिवस झोप नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. आता सांगूनच टाकते.

नकाशासोबत नियमांचं एक जाड पुस्तक असतं. ते कुणी वाचत नाही, कारण नकाशा बघणं सोपं. मी यंदा ताडून बघायचं म्हणून वाचलं. त्यात स्वच्छ लिहिलंय, कालवा आणि जुना कारखाना यांच्या मधल्या अकरा गल्ल्या, तीन मजले. तीन. म्हणजे गडद पिवळा.

आणि सत्तावीस नंबरच्या नकाशावर त्या अकरा गल्ल्या फिकट आहेत. वरच्या कोपऱ्यापासून खाली यावं तसा रंग हळूहळू पातळ होत गेलाय. शेवटच्या अकरा गल्ल्यांपर्यंत आले तेव्हा बाटलीत तळाला थोडासाच उरला होता. तीन सह्या कोण आणणार? मी पाणी घातलं. वाळल्यावर फिकट दिसला. मला वाटलं, कळतंय की सगळ्यांना, हाही गडदच आहे म्हणून. चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मग कॉम्प्युटर आला, त्याने नकाशाचा फोटो घेतला, आणि त्या बिचाऱ्याला काय कळणार? त्याने फिकटला फिकट म्हटलं. तेव्हापासून तोच कायदा.

मी तुला त्याच नकाशाचा धाक घातला. छाती पुढे काढून म्हणाले, मी काढलाय. दुसऱ्यांच्या नकाशातल्या चुका शोधून काढायची माझी ख्याती. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला.

तुला संताप आला असेल. येऊ दे. पण खरं सांगू? चूक सापडली तेव्हा पहिल्यांदा मला हसू आलं. एकटीच खिडकीजवळ बसून हसले, शिपाई बघायला आला. कारण चूक असेल तर ती दुरुस्त होते. म्हणजे आपल्या घरावर मजला चढू शकतो, वेड्या!

ताई


१२ एप्रिल

धाकट्या,

साहेबांना सांगितलं. आमचे साहेब तुझ्याच वयाचे आहेत, मला ताई म्हणतात आणि माझ्या हातची फाईल न वाचता सही करतात. त्यांनी नकाशा खिडकीवर धरला, पुस्तक उघडलं, पुन्हा नकाशा धरला. मग खुर्चीत बसून म्हणाले, "ताई, पाणी?"

मी म्हणाले, "हो. नळाचं."

नियमाप्रमाणे मला एक फॉर्म भरावा लागला. त्यात रकाना होता, 'चुकीचे कारण'. मी लिहिलं, 'पाणी'. पुढचा रकाना, 'ही चूक पुन्हा होऊ नये म्हणून योजलेले उपाय'. मी लिहिलं, 'आता रंगच मिळत नाही'. साहेब तोंडावर रुमाल धरून बाहेर गेले. मला लेखी समज मिळणार आहे. एकतीस वर्षांच्या नोकरीतली पहिली. मी ती जपून ठेवणार आहे.

पण नकाशा असाच परस्पर बदलता येत नाही. लोकांनी त्या रंगावर विश्वास ठेवून घरं घेतली, तेव्हा त्यांचं ऐकून घ्यावं लागतं. एकोणीस मेला सुनावणी आहे. समितीने मानलं तर गल्ल्या गडद होतील, नाही मानलं तर माझी चूक कायमची खरी होईल. एकोणीस मे आणि एकतीस मे यांत बारा दिवस आहेत, हे मी मोजलेलं नाही.

ताई


५ मे

धाकट्या,

सुनावणीत ऐकण्याआधी मास्तरांनी माझ्या तोंडून ऐकावं, म्हणून त्यांच्याकडे गेले होते. वाटलं होतं, ओरडतील. त्यांनी पाण्याची झारी खाली ठेवली आणि माझे दोन्ही हात धरले.

"पोरी, मग तर तुझे उपकारच झाले! तुझ्यामुळे चोवीस वर्षं माझ्या झाडांना ऊन मिळालं."

"अहो मास्तर, ती चूक होती."

"असेल. सुंदर चूक होती. आता गप्प राहा. पुस्तक कोण वाचतंय?"

मी घरी आले आणि तीन दिवस खरंच विचार करत बसले की गप्प राहावं का. तुला लबाड वाटेल, पण लपवत नाही. साहेबांना सांगून झालं होतं, तरी 'नीट आठवत नाही' म्हणायला किती वेळ लागतो? आमची गल्ली छान आहे रे. दुपारी इतकी शांत असते की मास्तरांचा रेडिओ चार घरं पलीकडे ऐकू येतो.

चौथ्या दिवशी सकाळी पावरोटी देणारा ड्रायव्हर आला नाही. त्याच्या जागी नवा. जुना कुठे गेला म्हणून विचारलं तर म्हणाला, "भाडं वाढलं, तो गेला लांब. मीपण फार दिवस टिकत नाही, बाई." मग मी बोटांवर मोजलं. शाळेतली बाई गेली. दवाखान्यातला कंपाउंडर गेला. तू गेलास. कामं सगळी इथे, आणि कामं करणारी माणसं बसमध्ये. अकरा गल्ल्या, प्रत्येकीत चाळीस घरं, प्रत्येकावर दोन मजले. आठशेऐंशी घरं झाली असती. एका बाटलीपायी झाली नाहीत.

मी सुनावणीत बोलणार आहे. चार माणसांत मला बोलायला सुचत नाही, हे तुला माहीत आहे, म्हणून सगळं कागदावर लिहून नेणार.

ताई


२० मे

धाकट्या,

तू मागच्या दाराजवळ उभा होतास. खोटं बोलू नकोस. पण तिथून तुला लोकांच्या पाठीच दिसल्या असतील, म्हणून पुढून कसं दिसत होतं ते सांगते.

सभागृहात ऐंशी खुर्च्या आणि माणसं दोनशेच्या वर. मास्तर सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसले होते. आपल्या अकरा गल्ल्यांतले सगळे बसलेले, कारण ते चालत आले, वेळेवर आले. आणि मागे भिंतीला टेकून उभे होते ते बसने आलेले. हॉस्पिटलच्या आया, काचेच्या ऑफिसातले पहारेकरी, नर्सबाई गणवेशातच.

आधी मास्तर बोलले. छान बोलले. झाडं, ऊन, शांतता. "इतकी माणसं येणार कुठून?" म्हणाले. टाळ्या पडल्या. बसलेल्यांच्याच.

मग माझं नाव पुकारलं. लिहून नेलेला कागद मी साहेबांच्या टेबलावरच विसरले होते. समोर नुसतं सभागृह. तेव्हा जे दिसलं तेच सांगितलं. म्हणाले, "मागे उभे आहेत त्यांनी काही गुन्हा केलेला नाही. त्यांना बसायला नको आहे असंही नाही. खुर्च्या ऐंशी आहेत. लहानपणी आपण संगीत खुर्ची खेळायचो. तेव्हा एक खुर्ची मुद्दाम काढायचे, म्हणजे कुणीतरी बाहेर जाईल. मी चोवीस वर्षांपूर्वी एका बाटलीत पाणी घालून आठशेऐंशी खुर्च्या काढल्या. मुद्दाम नाही काढल्या, पण काढल्या. आणि बाहेर गेलेल्यांना आपण म्हणतो, तुम्हाला धावता येत नाही."

तेवढ्यात आमचा शिपाई, सांगायची काही गरज नसताना, म्हणाला, "साहेब, शेजारच्या खोलीत शंभर खुर्च्या आहेत. पण कुलूप आहे."

अख्खं सभागृह हसायला लागलं! समितीच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. साहेब म्हणाले, "अहो, मग उघडा की!" आणि खुर्च्या हातोहात मागे जायला लागल्या. त्या गडबडीत मागून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, पाणी किती घातलं होतंत?"

मी म्हणाले, "अर्धी बाटली."

आवाज मी ओळखला. तो घोगरा आवाज आपल्या घरात दोघांचाच, वडिलांचा आणि तुझा. वडील तर आता नाहीत.

एकाने विचारलं, उद्यापासून भाडी उतरणार का? साहेब खरं बोलले. म्हणाले, उद्या नाही. दोन मजल्यांनी शहर स्वस्त होत नाही. पण घरं होत गेली तर भाडी आत्तासारखी उड्या मारणार नाहीत, आणि आणखी ठिकाणी अशी कुलपं निघाली, तर एक दिवस घरमालक पाटी लावून भाडेकरूची वाट बघत बसेल. कोपऱ्यावरचा घरमालक तेव्हा उठून बाहेर गेला.

शेवटी मास्तर पुन्हा उभे राहिले. वाटलं, आता संपलं. ते म्हणाले, "मी माझी हरकत मागे घेत नाही. ऊन हे ऊन आहे. पण माझी मुलगी मागे उभी आहे. शाळेत शिकवते, दोन तासांवर राहते, महिन्यातून एकदा भेटते. ती उभी आणि मी बसलेला, हे गणित मला जमत नाही. समितीने काय लिहायचं ते लिहावं." आणि स्वतःची खुर्ची उचलून मागे घेऊन गेले. म्हाताऱ्याने मला रडवलं.

समितीने एकमताने मानलं. अकरा गल्ल्या गडद. मी बाहेर येऊन तुला शोधलं तर तू सहाच्या बसला निघून गेला होतास.

आता एक गोष्ट राहिलीय. ती सभागृहात सांगितली नाही, कारण ती तुझी आहे. मास्तरांच्या अर्जावर मी सही केली ती नकाशाखातर नाही. तू म्हणाला होतास, मधला मजला मला. मला दिसलं, तू, तुझी बायको, उद्या मुलं, वर हसणं, खिदळणं, आणि खाली मी, एक लग्न न केलेली बहीण, जिला कुणीतरी आठवण झाली की जेवायला बोलावणार. मला माझ्याच घरात उरलेली बाई व्हायचं नव्हतं. म्हणून नकाशा पुढे केला. नकाशा चुकलेला होता हे मला ठाऊक नव्हतं. पण मी त्याच्यामागे लपतेय, हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं.

पाण्याची चूक सरकारने माफ केली. ही तुला करावी लागेल. आणि नाही केलीस तरी या घरात राहायला ये. दोन्ही गोष्टी एकत्र बांधू नकोस, नर्सबाईंच्या नोकरीला आता अकराच दिवस राहिलेत.

चुकलं माझं, बाळा. फार चुकलं.

ताई


३० मे, शनिवार
(स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलेली चिठ्ठी)

धाकट्या, आणि नर्सबाई,

'शनिवारी ट्रक घेऊन येतोय.' तीन वर्षांनी पत्र लिहिलंस आणि त्यात मोजून चार शब्द! मी ते चार शब्द मंगळवारपासून वाचतेय. मास्तरांनाही वाचून दाखवले. ते म्हणाले, अक्षर अजून सुधारलेलं नाही.

मला आज कार्यालयात जावंच लागतंय, नव्या इमारतीत नकाशे लावायचेत. शनिवारीसुद्धा. नाहीतर दारात उभी असते.

मोठी खोली तुमची. माझं सामान मी पुढच्या खोलीत हलवलंय, आणि खबरदार कुणी ते परत नेलंत तर. रस्ता बघायला मला तिथूनच बरं पडतं. कपाटाचे वरचे दोन खण मोकळे आहेत. नळ डावीकडे फिरवला की गरम पाणी येतं, उजवीकडे फिरवला की काहीच येत नाही. दाताच्या साच्यांची खोकी मागच्या पडवीत ठेव. सकाळी उठल्याबरोबर परक्यांच्या बत्तिशीचं दर्शन मला नको.

बांधकामाचा आराखडा टेबलावर आहे. मी काढलाय, पेन्सिलने, म्हणजे खोडता येईल. मधल्या मजल्याला खिडक्या जास्त दिल्यात. तुला पटलं नाही तर भांड. पण इथे बसून भांड. मजले व्हायला वर्ष लागेल, तोवर तीन खोल्यांत दाटीवाटीने राहू. परवानगीसाठी आपला अर्ज दुसऱ्या नंबरवर आहे. पहिला मास्तरांनी टाकला, मुलीसाठी. भल्या पहाटे जाऊन रांग लावली म्हणे.

नर्सबाई, हॉस्पिटलच्या फॉर्मवर पत्ता नीट लिहा. पुलावरून चालत अठरा मिनिटं लागतात, मी काल घड्याळ लावून दोनदा चालून पाहिलं. दुसऱ्यांदा सतरा लागली.

किल्ली मास्तरांनी दिली असेलच. घराला किल्ली एकच आहे. आजवर दुसरीची गरजच पडली नाही, आपणच कुलूप लावायचं, आपणच येऊन उघडायचं. आज ती तुमच्याकडे, म्हणजे संध्याकाळी मला माझ्याच घराचं दार वाजवावं लागेल.

मी साडेपाचला येते. वाजवलं की लवकर उघड रे.

अनेक आशीर्वाद.

ताई